काचेपाशी अडलेली दुर्बीण

1608 सालच्या 2 ऑक्टोबरला हेगमध्ये नेदरलँड्सच्या प्रांतांच्या संयुक्त सभेपुढे, म्हणजे स्टेट्स जनरलपुढे, एका चष्मेवाल्याचा अर्ज आला. हान्स लिपरहे त्याचं नाव. मूळचा वेसेलचा, धंदा मिडलबर्गला. लांबचं जवळ दाखवणारी नळी आपण तयार केली आहे, तिचं तीस वर्षांचं पेटंट द्या, ते जमत नसेल तर वर्षासन बांधून द्या, असं त्याचं मागणं होतं. सभेनं होकारही दिला नाही आणि नकारही. रीतीप्रमाणे एक समिती नेमली आणि त्या चष्मेवाल्याला एक गोष्ट विचारून घ्यायला सांगितली: हीच वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून देता येईल का?

दुर्बिणीच्या अर्जावर सभेत पहिल्यांदा विचार झाला, त्याच दिवशी दोन डोळ्यांच्या दुर्बिणीची मागणीही कागदावर आली. सरकारी सभेला एवढी नेमकी शंका पहिल्याच दिवशी सुचावी, हे नवलच. पण ती मागणी खऱ्या अर्थानं पुरी व्हायला 286 वर्षं लागली. कल्पना कुणाला सुचली नाही म्हणून नव्हे. घोडं अडलं ते काचेपाशी.

सभेला घाई का होती हे कळायला त्या दिवसांतलं हेग पाहावं लागतं. स्पेनशी चाळीस वर्षं रेटलेलं युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटी तिथं चालल्या होत्या. स्पेनचा सेनापती अंब्रोजिओ स्पिनोला शत्रूच्याच गावात पाहुणा म्हणून राहिला होता. सयामच्या राजाचे वकीलही त्याच सुमाराला डच फौजेचा सेनापती प्रिन्स मॉरिट्स याच्या भेटीला आले होते. त्या भेटीची हकीकत सांगणारं एक छोटं फ्रेंच पत्रक लगोलग छापलं गेलं आणि त्याच्या शेवटी या नव्या नळीची बातमी आहे. पत्रक म्हणतं, स्पिनोलानं ती नळी पाहिली आणि मॉरिट्सचा भाऊ फ्रेडरिक हेन्ड्रिक याला म्हणाला की आता माझी धडगत नाही, तुम्ही मला लांबूनच हेराल. यावर आमच्या लोकांना तुमच्यावर गोळी न झाडण्याची ताकीद देऊ, असं उत्तर त्याला मिळालं. किस्सा थोडा रंगवलेला असेलही, पण नळीचा उपयोग कशाला होणार हे त्या खोलीतल्या सगळ्यांना तत्क्षणी कळलं होतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मॉरिट्सच्या वाड्याच्या मनोऱ्यावरून चाचणी झाली. तिथून डेल्फ्टचं घड्याळ आणि लायडनच्या चर्चच्या खिडक्या दिसल्याचं तेच पत्रक सांगतं. मग घासाघीस. लिपरहे नगाला 1000 गिल्डर मागत होता. सभेनं 900 वर सौदा तोडला, त्यातले 300 आगाऊ दिले आणि अट घातली की भिंगं बिल्लोरी स्फटिकाची हवीत. 15 डिसेंबरला समितीनं दोन डोळ्यांचं उपकरण पाहून ते पसंत केलं. आणखी दोन करायला सांगितली आणि फेब्रुवारी 1609 मध्ये तीही पोचली. पेटंट मात्र मिळालं नाही. मधल्या काळात अल्कमारचा याकोब मेटियस तसाच अर्ज घेऊन आला होता आणि मिडलबर्गमध्येही ही युक्ती जाणणारं आणखी कुणी असल्याचं कानावर आलं होतं. चार जणांना ठाऊक झालेल्या गोष्टीचा मक्ता एकाला देणार कसा?

या सगळ्यात स्फटिकाची अट मला सर्वांत बोलकी वाटते. खिडकीला आणि पेल्याला चालणारी काच भिंगाला चालत नाही, हे त्या समितीला पुरतं ठाऊक होतं. तेव्हाची काच हिरवट असे, तिच्यात बुडबुडे असत आणि साखरेचा पाक पाण्यात ओतल्यावर दिसतात तशा रेघा असत. चष्म्याचं काम अशा काचेवर भागतं, कारण चष्मा काही प्रतिमा मोठी करत नाही. दुर्बीण मात्र वस्तूबरोबर काचेचे दोषही मोठे करून दाखवते. स्फटिक स्वच्छ असतो, पण तो दुर्मीळ, घासायला कठीण, आणि मनासारखा मोठा तुकडा मिळणं नशिबाची गोष्ट. तीन दुर्बिणींपुरतं ते ठीक होतं, फौजेपुरतं नव्हे.

दुसरी अडचण डोळ्यांचीच. माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये 6 ते 7 सेंटिमीटर अंतर असतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं. दोन्ही नळ्यांची वाढवण्याची ताकद तंतोतंत सारखी हवी आणि त्या एकमेकींना समांतर हव्यात. त्यात केसभर फरक पडला तरी समोरच्या एका जहाजाची दोन जहाजं होतात, किंवा डोळे ओढून ओढून त्यांना एकत्र आणतात आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकू लागतं. हातानं घासलेल्या भिंगांच्या जमान्यात एकसारखी जोडी जमवणं हा निव्वळ चिकाटीचा खेळ होता.

तो खेळ पुढं खेळला तो मुख्यतः कापुचिन पंथाच्या साधूंनी. श्युर्ले द राइटा यानं 1645 मध्ये जोड-दुर्बिणीचं वर्णन छापलं. फ्रान्सच्या शेरुबाँ द'ऑर्लेआँ यानं 1671 च्या आपल्या ग्रंथात तिचा जोरदार पुरस्कार केला. त्यानं केलेली एक दुर्बीण टस्कनीच्या ग्रँड ड्यूककडे गेली, ती आजही फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहे. लॅटिनमधल्या ‘दोन-दोन’ आणि ‘डोळा’ या शब्दांची सांधणी करून बनलेलं ‘बायनॉक्युलर’ हे विशेषण याच विद्वानांच्या वर्तुळातलं. जोड-दुर्बिणीलाच ते नाव म्हणून चिकटलं ते बरंच पुढं. पण हे सगळं राजेरजवाड्यांच्या कपाटातलं वैभव. अठराव्या शतकात कप्तानानं आणि सेनापतीनं वापरली ती एका डोळ्याची, ओढून लांब करायची नळीच.

दोन डोळ्यांचं उपकरण बाजारात आलं ते युद्धामुळे नव्हे, नाटकामुळे. 1823 मध्ये व्हिएन्नात फोइग्टलँडरनं दोन छोट्या नळ्या जोडून ऑपेरात न्यायचा चष्मा काढला. दोनच वर्षांत पॅरिसच्या लेमिएरनं मधोमध एक चाक बसवून दोन्ही नळ्या एकदम मागेपुढे करायची सोय केली. शिंपल्याच्या मुलाम्याचे हे चष्मे हातात मिरवायची वस्तू झाले. रंगमंच पाहावा की समोरच्या बाल्कनीतली मंडळी पाहावी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. याच जातीची थोडी दांडगी, चामड्यात मढवलेली भावंडं मग अधिकाऱ्यांच्या गळ्यात आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या लढाया त्यांतूनच पाहिल्या गेल्या.

पण ही गॅलिलिओच्या पद्धतीची दुर्बीण. पुढं बहिर्गोल भिंग, डोळ्याशी अंतर्गोल. प्रतिमा सुलटी दिसते ही तिची जमेची बाजू. मात्र तीन-चार पटींपलीकडे गेलं की दिसणारा तुकडा किल्लीच्या भोकाएवढा होतो. केपलरच्या पद्धतीत दोन्ही भिंगं बहिर्गोल असतात. ती भरपूर विस्तार दाखवते, पण सगळं उलटं. माणसं डोक्यावर चालतात. ते सुलटं करायला आणखी भिंगं घालावी तर नळी हातभर लांब होते. तशा दोन नळ्या गळ्यात अडकवून घोड्यावर कोण बसणार?

ही कोंडी फोडणारा माणूस इटलीचा. इग्नात्सिओ पोरो, 1801 मध्ये पिनेरोलोला जन्मलेला, पीडमाँटच्या फौजेतला अधिकारी, जमीनमोजणीच्या उपकरणांत मुरलेला. त्यानं 1854 मध्ये एक साधी दिसणारी युक्ती पेटंट केली. काटकोन त्रिकोणी लोलक घ्यायचे दोन, आणि ते एकमेकांशी आडवे-उभे बसवायचे. प्रत्येक लोलकात प्रकाश आतल्या पृष्ठावर दोनदा आपटून माघारी वळतो. आरशाला लागतो तसा मुलामाही नको, काचच आरशाचं काम करते. चार वळणांत वरचं खाली, डावं उजवं होऊन प्रतिमा सुलटी होते. शिवाय लांबलचक वाट घडी घातल्यासारखी आटोपशीर होते. म्हणजे ताकदही मिळाली, विस्तारही मिळाला आणि लांबीही आवरली. पॅरिसमध्ये काही कारागिरांनी या युक्तीवर दुर्बिणी करून पाहिल्या. त्या चालल्या नाहीत.

कारण पुन्हा तेच. भिंगाची जाडी मिलिमीटरांत, पण दोन लोलकांतून जाताना प्रकाश काही सेंटिमीटर काच तुडवतो. काच किंचित पिवळट असली तरी उजेड मरतो, आत एखादी रेघ असली तरी चित्र पुसट होतं. पोरोची रचना निर्दोष होती, पण ती मागत असलेली काच जगात कुठंच तयार होत नव्हती. 1875 मध्ये पोरो मिलानला वारला, तेव्हा त्याची दुर्बीण हे विसरलेलं पेटंट होतं.

दुर्बिणीची काच कशी करतात हे एकदा जवळून पाहायला हवं, म्हणजे एवढा उशीर का लागला ते समजतं. तापसह मातीची मोठी मूस आधी भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची. तिच्यात वाळू, पोटॅश, शिसं किंवा चुना यांचं मिश्रण थोडं थोडं टाकत वितळवायचं. आता जड घटक खाली बसतात, हलके वर तरंगतात, आणि रेघा पडतात त्या इथंच. स्वित्झर्लंडच्या लं ब्रने गावचा पिएर-लुई गिनाँ हा सुतारकाम करणारा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं यावर उपाय काढला: मुशीच्याच मातीची जाड ढवळणी करून वितळलेली काच तासन् तास ढवळत राहायची. लाकडाची ढवळणी जळते, लोखंडाची काचेला रंग देते, मातीची तेवढी टिकते. मग दिवसच्या दिवस सावकाश निववायचं. शेवटी मूस फोडायची. आतल्या काचेची ढेकळं होतात, त्यांचे दोन बाजूंचे पृष्ठ घासून उजेडासमोर धरायचे आणि रेघ दिसली की तो तुकडा बाजूला. बहुतेक ढीग बाजूलाच जायचा.

हे तंत्र गिनाँच्या घराण्यातून दागिन्यासारखं हातोहात फिरलं. तो स्वतः बव्हेरियात जाऊन, भिंगकार फ्राउनहोफर ज्या कारखान्यात होता तिथं राबला. गिनाँच्या मुलानं ते फ्रान्सच्या बाँताँला दिलं, आणि 1848 च्या क्रांतीच्या धुमाळीत बाँताँ ते घेऊन इंग्लंडमध्ये चान्स ब्रदर्सकडे गेला. पॅरिस आणि बर्मिंगहॅम ही चांगल्या काचेची गावं झाली ती अशी. सगळा कारभार मात्र हाताच्या अंदाजाचा आणि गुपिताचा. कोणत्या मिश्रणानं प्रकाश किती वळेल, हे आधी सांगणारं शास्त्र कुणाकडे नव्हतं.

ते शास्त्र उभं राहिलं जर्मनीतल्या येना या छोट्या विद्यापीठाच्या गावी. एर्न्स्ट आबे हा तिथला भौतिकीचा प्राध्यापक आणि कार्ल झाइसच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यातला भागीदार. बाप सूतगिरणीत दिवसाला चौदा-सोळा तास उभा राहून राबायचा, ते या मुलानं पाहिलेलं. म्हणूनच 1900 मध्ये त्यानं झाइसमध्ये आठ तासांचा दिवस लागू केला. आबेनं 1870 च्या दशकात स्वतंत्रपणे लोलकाची दुर्बीण योजली होती, पोरोचं नाव त्याच्या कानावरही नव्हतं. पण मनासारखी काच नव्हती, म्हणून बेत बाजूला ठेवला. 1879 मध्ये ओटो शॉट या काचवाल्याच्या रसायनज्ञ मुलानं त्याला लिथियमच्या काचेचा एक नमुना पाठवला. तो नमुना काही फार कामाचा निघाला नाही, पण माणूस कामाचा निघाला. शॉट येनाला आला, 1884 मध्ये त्याची काचशाळा सुरू झाली आणि प्रशियाच्या सरकारनं तिला अनुदान दिलं. बोरॉन, बेरियम, फॉस्फरस अशी एकेक मूलद्रव्यं घालून त्यानं काच पद्धतशीर तपासली. 1886 च्या त्यांच्या पहिल्या यादीत 44 प्रकारच्या काचा होत्या आणि गिऱ्हाइकाला प्रत्येकीचे आकडे छापील मिळत होते. माझ्या मते दुर्बिणीच्या इतिहासातलं खरं वळण हीच यादी आहे, कोणतीही दुर्बीण नव्हे.

पुढचं काम सरळ झालं. 1893 मध्ये झाइसनं पेटंट मागितलं. तिथं पोरोचा जुना कागद आडवा आला आणि लोलकांच्या मांडणीवर हक्क सांगता आला नाही. हक्क मिळाला तो वेगळ्या गोष्टीवर: पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा एकमेकांपासून जास्त लांब ठेवली तर खोली अधिक जाणवते. दुर्बिणीच्या चित्रात आपण जो खांद्यांशी रुंद, वर निमुळता आकार काढतो तो यातूनच आला. 1894 मध्ये 4×11, 6×15 आणि 8×20 अशी तीन मॉडेलं विक्रीला आली. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत. लोलकांच्या त्या मांडणीला आज जगभर पोरोचंच नाव आहे. झाइसचा रुंद घाटाचा हक्क 1908 पर्यंत टिकला आणि मग तो आकार सगळ्यांचा झाला.

सगळ्यांचा झाला खरा, पण काच? 1914 मध्ये ब्रिटनला लागणारी दृक्-काच, म्हणजे भिंगा-लोलकांची काच, शेकडा 60 जर्मनीतून, 30 फ्रान्समधून आणि अवघी 10 घरातून, म्हणजे चान्स ब्रदर्सकडून, येत होती. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि साठ टक्के एका रात्रीत बंद झाले. लाखांची नवी फौज उभी राहत होती आणि सार्जंटांच्या गळ्यात घालायला दुर्बिणी नव्हत्या. तेव्हा म्हातारे फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स पुढं आले. कानपूरला जन्मलेले आणि हिंदुस्थानचे सरसेनापती राहिलेले. घोड्यांच्या शर्यतींच्या शौकिनांनी, शिकाऱ्यांनी, नौकाविहार करणाऱ्यांनी आपापल्या दुर्बिणी फौजेला उसन्या द्याव्यात, असं आवाहन त्यांनी वर्तमानपत्रांतून केलं. येणाऱ्या प्रत्येक दुर्बिणीवर नंबर कोरला जाई, युद्धानंतर मूळ मालकाकडे परत जावी म्हणून. 14 नोव्हेंबरला फ्रान्समध्ये हिंदी पलटणींची भेट घेताना रॉबर्ट्स न्यूमोनियानं गेले, तरी मोहीम चालू राहिली.

पण उसनवारीवर महायुद्ध चालत नाही. 1915 च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या नव्या दारूगोळा मंत्रालयानं एक माणूस स्वित्झर्लंडला पाठवला, चक्क शत्रूकडून दुर्बिणी विकत घेता येतील का ते पाहायला. जर्मन युद्धखात्याचं उत्तर व्यापाऱ्याला शोभेल असं होतं: हजारोंनी देऊ, आणि कोणती जात हवी ते ठरवायला नमुना पाहायचा असेल तर तुम्ही पकडलेल्या आमच्या अधिकाऱ्यांजवळच्या दुर्बिणी तपासा. बदल्यात त्यांना रबर हवं होतं. मलाया आणि सिलोनचे मळे ब्रिटिशांच्या हातात होते आणि समुद्री नाकेबंदीमुळे जर्मन मोटारी टायरांना मोताद झाल्या होत्या. हा प्रकार कुण्या पत्रकारानं उठवलेली अफवा नाही, मंत्रालयाच्या अधिकृत इतिहासात तो छापलेला आहे. पुढं प्रत्यक्षात किती रबर गेलं आणि किती दुर्बिणी आल्या, यावर इतिहासकार अजून भांडतात. दोन्हीकडचे सैनिक ज्या दुर्बिणींतून एकमेकांना टिपणार होते, त्यांचा भाव त्यांचीच सरकारं स्वित्झर्लंडमध्ये ठरवत होती.

अमेरिका 1917 मध्ये युद्धात उतरली तेव्हा तिचीही तीच रड. नौदलाचे सहायक सचिव होते फ्रँकलिन रूझवेल्ट. ‘नौदलाला डोळे द्या’ अशा अर्थाची भित्तिपत्रकं देशभर लागली. सरकारला कायद्यानं फुकट वस्तू घेता येत नव्हती, म्हणून प्रत्येक दुर्बिणीमागे एक डॉलर भाडं दिलं गेलं. परत आली तर ते भाडं, बुडाली तर तीच किंमत! पन्नास हजारांहून अधिक दुर्बिणी आणि नळ्या जमल्या. त्याच वेळी रॉचेस्टरच्या बॉश अँड लोम कारखान्यात एक वेगळीच फौज दाखल झाली होती: वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिक प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. लाव्हा कसा थिजतो, खडकातले सिलिकेट कोणत्या तापमानाला वितळतात, यावर त्यांनी आयुष्य घातलेलं. काच म्हणजेही सिलिकेटच. पिढ्यान् पिढ्या जपलेली गुपितं त्यांनी काही महिन्यांत आकड्यांत मांडली, आणि काचेचं उत्पादन वाढत गेलं.

धडा सगळ्यांनी घेतला. 1921 मध्ये ब्रिटननं परदेशी दृक्-काचेवर शेकडा 33⅓ जकात बसवली. 1945 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन फौजा येनात शिरल्या. ठरल्याप्रमाणे तो मुलूख रशियाकडे जाणार होता. जूनमध्ये माघारी फिरताना त्यांनी झाइसचे 84 तज्ज्ञ आणि शॉटचे 41 काचवाले ट्रकांत घालून पश्चिमेला नेले. जर्मन काचव्यवसायात ‘41 काचवाल्यांची फरफट’ आजही सांगितली जाते. पुढच्या वर्षी रशियनांनी कारखान्यातली यंत्रं उचलली आणि उरलेल्यांतले अनेक तज्ज्ञही.

आपल्याकडे 1908 मध्ये, म्हणजे झाइसचा हक्क संपला त्याच वर्षी, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं होते. स्वदेशी कंदिलाची काच मिळू लागली हीच त्या काळी मोठी मजल. दृक्-काच फार लांबची गोष्ट होती. ती देशात झाली स्वातंत्र्यानंतर, कोलकात्याच्या जादवपूरला 1950 मध्ये उघडलेल्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत. ज्यांच्याकडे ही विद्या होती ते देश ती द्यायला राजी नव्हते. डॉ. आत्माराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुशीच्या मातीपासून सगळं स्वतः जमवलं आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय दृक्-काच तयार होऊ लागली. सैन्याच्या दुर्बिणी देहरादूनच्या सरकारी कारखान्यात बनतात.